खुर्चीवरची शाल

ढब्बूची आई सकाळी दारात उभी राहिली की टिल्लीच्या आईची नजर आधी तिच्या बुटांवर जायची. मग इस्त्रीच्या शर्टावर, मग गळ्यातल्या ओळखपत्रावर, आणि सगळ्यात शेवटी कडेवरच्या ढब्बूवर. मुलं सांभाळायचा व्यवसाय मांडून बसलेल्या बाईने आधी मूल बघावं, एवढं तिलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग?

"ताई, दूध बॅगेत आहे, जास्तीचे कपडे आहेत, आणि हा त्याचा स्कार्फ," ढब्बूची आई एका हाताने बूट सावरत म्हणाली. "धुऊ मात्र नका हं. काल दिवसभर माझ्या गळ्यात होता. वास गेला की संपलंच."

हे ती रोज सांगायची. तिच्याकडे दोन स्कार्फ होते, निळा आणि पिवळा. एक ती ऑफिसात गळ्यात घालायची, आदल्या दिवशीचा ढब्बूजवळ ठेवायची. आईचा वास नाकाशी असल्याशिवाय ढब्बू दुपारचा डोळा मिटत नसे. आज निळ्याची पाळी होती.

"आज नकाशे दाखवायचेत, हॉस्पिटलचे," ती जिन्यावरून दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आली. "ताई, मुलांच्या वॉर्डातल्या तुमच्या त्या खालच्या खिडक्या अजून आहेत हं! साहेबांना फार आवडल्यात."

कुणाच्या म्हणून सांगितलंस, हे टिल्लीच्या आईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि ढब्बूला घेतलं. "जा तू. उशीर होईल."

दार लागलं. आतून टिल्लीचा आवाज आला, "आला का परत?"

"असं नाही म्हणायचं, राणी."

"काल दिला होता ना त्याला परत. मग पुन्हा कशाला आणला?"

टिल्ली तीन वर्षांची होती आणि तिला या व्यवसायाबद्दल पहिल्या दिवसापासून आक्षेप होता. तिच्या बाबांना मात्र भारी कौतुक. "स्वतःचा धंदा, स्वतःच मालकीण, आणि गिऱ्हाईक असं की तक्रार करायला तोंडात दात नाहीत! नशीब लागतं," असं म्हणून ते डबा उचलून निघून जात. त्यांना तरी काय सांगणार, की गिऱ्हाईक गोड आहे, पण त्याच्या आईच्या बुटांवरून नजर हलत नाही म्हणून?

ढब्बूची आई बसायची ती खुर्ची टिल्लीच्या आईची होती. खिडकीजवळची, उजवा हात थोडा सैल असलेली. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात ती त्या खुर्चीवर बसून काम करत होती तेव्हा ही मुलगी नवी नवी आली होती. पहिल्याच आठवड्यात तिने एका घराला जिना काढला आणि तो थेट न्हाणीघरात नेऊन सोडला. टिल्लीच्या आईने कुणाला कळू न देता तो सरळ करून दिला होता. पुढे टिल्ली झाली. टिल्लीच्या आईने गावातली सगळी पाळणाघरं पालथी घातली. एकीकडे फरशी ओली, एकीकडे विजेच्या बटणांना झाकणं नाहीत, एकीकडची बाई तोंडावर हात न धरता खोकली. करता करता विश्वास ठेवण्याजोगी एकच बाई उरली, आणि ती आरशात होती. तिने राजीनामा दिला. खुर्ची त्या मुलीला मिळाली.

मग यंदा तिला वाटलं, आपण एवढ्याच खात्रीच्या असू तर इतरांच्या मुलांनाही त्याचा फायदा व्हावा. तिने प्रशिक्षण घेतलं, नोंदणी केली, स्वयंपाकघराला छोटं फाटक बसवलं, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं आणि इमारतीखाली पाटी लावली. चौकशीला एकच फोन आला. त्या मुलीचा.

"ताई, तुमच्यासारखं माणूस असताना मी दुसरीकडे कशाला बघू?" ती म्हणाली होती, आणि त्याच दमात, "हा महिना बघू या. नाहीच रमला तर ऑफिसशेजारी एक पाळणाघर बघून ठेवलंय ह्यांनी."

म्हणजे ढब्बू रमला तर पाटी खरी, नाहीतर पाटी काढून घ्यायची. पहिलंच मूल टिकलं नाही असं एकदा बोललं गेलं की या इमारतीत दुसरं कोण पाठवतंय?

एवढं सगळं माहीत असताना तिने त्या दिवशी जे केलं, ते का केलं?

झालं असं. ढब्बू चटईवर पालथा पडून ठोकळे चाटत होता. ती त्याचं अंथरूण घालायला गेली आणि निळा स्कार्फ उचलताना सहज तिच्या नाकाशी आला. आतापर्यंत ती तो चिमटीत धरून ठेवायची. आज वास आत गेला आणि ती आहे तिथे खाली बसली. आईचा वास कुठला! मशीनमधल्या करपट कॉफीचा वास होता तो. बंद खोलीतल्या गार हवेचा. मोठ्या कागदावर नकाशा छापून बाहेर येतो तेव्हा येतो तसा, ओल्या शाईचा. तिचंच अख्खं ऑफिस त्या चिंधीएवढ्या कापडात दुमडून रोज तिच्या घरी येत होतं, आणि तिला पत्ता नव्हता.

साहेबांना फार आवडल्यात म्हणे. माझ्या खिडक्या. आजारी मुलांना पडल्या पडल्या बाहेरचं दिसावं म्हणून मी खाली घेतल्या आणि दाखवणार ही, माझ्या खुर्चीवरून उठून!

ती तडक मोरीत गेली. बादलीत साबण टाकला. स्कार्फ बुडवला, चोळला, पुन्हा चोळला. तो पिळून बाल्कनीत दोरीवर टाकला तेव्हा कुठे तिचा हात थांबला. आणि तेव्हाच तिला सकाळचं वाक्य आठवलं. वास गेला की संपलंच.

"आई, तू ते धुतलंस?" टिल्ली दारात उभी होती. "मावशी नको म्हणाली होती."

"मळला होता."

"नव्हता मळला," टिल्ली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच या व्यवसायाबद्दल आस्था दिसत होती.

दुपारी ढब्बूने तोंड उघडलं ते मिटेचना. आधी कुरकुर, मग रडं, मग असा टाहो की वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "अगं, पडलं का गं पोर?" तिने त्याला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, गाणी म्हटली. पंखा लावला, पंखा बंद केला. ओला स्कार्फ इस्त्रीने वाळवून त्याच्याजवळ धरला. ढब्बूने त्यात नाक खुपसलं, क्षणभर थांबला, आणि फसवल्यासारखा तिच्याकडे बघून दुप्पट रडू लागला.

"आता तरी दे ना परत!" टिल्ली कानांवर हात ठेवून ओरडली.

तिने फोन हातात घेतला. तो शांत होत नसेल तर कधीही बोलवा, मी असेन तशी निघेन, असं ढब्बूच्या आईने सांगून ठेवलं होतं. आत्ता ती सगळ्यांसमोर उभी असेल. फोन वाजला की नकाशे टाकून धावत येईल. खिडक्यांचं दुसरं कुणीतरी बोलेल, किंवा कुणीच बोलणार नाही. टिल्लीच्या आईच्या मनात एक गुदगुली उठली, अगदी बारीक. तिची तिलाच इतकी शिसारी आली की तिने फोन सोफ्यावर फेकला.

मूल रडून रडून लालबुंद झालं होतं. त्याच्या गळ्याशी घामाचं बारीक पुरळ आलं होतं. आणि आपण त्याची आई तोंडावर पडायची वाट बघत होतो.

तिने कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या खणात, हिवाळी कपड्यांच्या मागे, चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक करडी शाल होती. ऑफिसात फार गार व्हायचं म्हणून ती खुर्चीच्या पाठीवर टाकलेली असायची. राजीनामा दिला त्या दिवशी ती घरी आणली, पण धुवायचा धीर झाला नाही. अगदीच भरून आलं की ती पिशवी तेवढी बोटभर उघडायची, एक श्वास घ्यायची आणि पटकन लावून टाकायची. जास्त उघडली तर वास उडून जाईल. नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं.

तिने चेन पूर्ण उघडली.

शाल ढब्बूभोवती गुंडाळली तेव्हा त्याने सवयीने तोंड वळवलं. मग नाक घासलं. मग हुंदका देत देत काठ मुठीत धरला आणि तोंडात घालून चोखायला लागला. तिची शाल, तिची ती जपून जपून पुरवलेली शाल, बघता बघता लाळेने भिजली. त्याचे हुंदके लांब लांब पडत गेले. तो झोपला.

टिल्ली हळूच येऊन शालीचं दुसरं टोक हुंगून गेली. "हा कुणाचा वास आहे?"

"माझा."

"तुझा असा नाही. तुझा साबणाचा आहे."

टिल्लीच्या आईने शाल ढब्बूच्या गळ्याशी जरा सैल केली. ती भिंतीला टेकून दोघांकडे बघत बसली.

संध्याकाळी ढब्बूची आई आली ती उड्या मारतच. "पास झाले, ताई! सगळे नकाशे पास!" ढब्बू रांगत आला, तिने त्याला उचलून हवेत धरलं. मग तिची नजर सोफ्यावरच्या स्कार्फकडे गेली. इस्त्री केलेला, घडी घातलेला. तिने तो उचलून नाकाशी नेला.

"धुतलात?"

मळला होता असं म्हणायची सोय होती. टिल्लीही तेच ऐकायला उभी असल्यासारखी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"धुतला," टिल्लीची आई म्हणाली. "मुद्दाम. ऑफिसचा वास येत होता त्याला. मला सहन नाही झाला. दुपारी फार रडला गं तो, माझ्यामुळे. तुला उद्यापासून दुसरीकडे न्यायचं असेल तर ने."

ढब्बूच्या आईचा चेहरा उतरला. तिने स्कार्फची घडी मोडली, पुन्हा घातली. "मग झोपला कसा?"

टिल्लीच्या आईने बोट केलं. चटईवर शाल पडली होती.

"अय्या, ही तर खुर्चीवरची!" ती खाली वाकली. शाल हुंगली, ओला काठ हाताने चाचपला. मग तिथेच, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, चटईवर बसली. "म्हणजे ह्याला मी लागत नाही. ऑफिसचं कुणीही चालतं." ती हसली, पण डोळे भरले होते. "ताई, खरं सांगू? धुऊ नका म्हणून रोज का बजावते माहितीये? तो तुमच्या वासावर झोपायला लागेल ही मला धास्ती. मी तिकडे बसून सारखी जळत असते."

"तू?" टिल्लीच्या आईला हसू आवरेना. "तू कशाला जळतेस? त्या खुर्चीवर बसून?"

"तो हात अजून सैलच आहे तिचा," ढब्बूची आई नाक पुसत म्हणाली.

टिल्लीच्या आईने सकाळपासून गिळलेलं विचारून टाकलं. "खिडक्या कुणाच्या म्हणून सांगितलंस?"

ढब्बूच्या आईने मान खाली घातली. "नाव नाही निघालं, ताई. विचारलंच नाही कुणी. मलाही मध्येच सांगायचं सुचलं नाही." मग अगदी हळू, "सुचलं होतं. नाही सांगितलं."

टिल्लीच्या आईचा हेवा सकाळइतकाच होता. पण या वेळी तिने नजर बुटांवर जाऊ दिली नाही. ढब्बूकडे पाहिलं. तो शालीकडे झेपावत होता.

"उद्या आणणार आहेस का याला?"

"आणते की. आणि कुठे नेऊ?"

टिल्लीच्या आईने शाल उचलून झटकली, नीट घडी घातली आणि ढब्बूच्या बॅगेत वर ठेवली. "मग ही घेऊन जा. खुर्चीच्या पाठीवर टाक, आधी असायची तशी. वास उतरला आहे तिचा. चार दिवस राहू दे तिथे, मग आण याच्यासाठी. आणि कुणी विचारलं शाल कुणाची, तर नाव सांग. तेवढं तरी सांग."

"सांगते," ती म्हणाली.

जिन्यावर बुटांचा आवाज खाली खाली गेला. टिल्लीने दार लावून घेतलं आणि समाधानाने आईकडे वळली.

"दिला एकदाचा. आता उद्या नाही ना येणार?"

"येणार आहे," टिल्लीची आई रिकामी प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन म्हणाली. तिने आत नाक घालून पाहिलं. मग ती पिशवी कचऱ्यात टाकली आणि ठोकळे गोळा करायला चटईवर बसली.