तृप्तीचा डावा हात

तृप्ती डावखुरी. नाशिकच्या फुलबाजारात गिऱ्हाइकापुढे तिने चुकूनही डाव्या हाताने हार धरला, की वत्सलाआत्याची चापट तिथल्या तिथे बसायची. देवाची फुलं उजव्याच हाताने द्यायची. डावा हात म्हणजे जणू घरातला गुन्हेगारच.

शाळेत बास्केटबॉलच्या सरांनी सांगितलं, "आज सगळ्यांनी डाव्या हाताने ड्रिबल करायचं. नजर समोर, चेंडूकडे बघायचं नाही." बाकीच्या मुलींचे चेंडू सैरावैरा पळाले. तृप्तीचा मात्र दरवेळी गुमान तिच्या तळव्याशी परत येत राहिला.

"कोणी शिकवलं?" सरांनी विचारलं.

"कोणी नाही. सगळे ही सवय मोडायलाच बसले होते."

संध्याकाळी आत्या तिला न्यायला आली आणि मैदानाच्या कडेलाच थबकली.

"तृप्ते, डावा हात."

एरवी एवढ्यावरच तृप्तीची मान खाली गेली असती. आज तिने हात बदलला नाही. आत्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती जागच्या जागी चेंडू आपटत राहिली.

"फुलं देवाची आहेत, आत्या," ती म्हणाली. "हात माझा आहे."