चिमट्यात अडकलेला शेवटचा प्रश्न

मी एक जुना पुठ्ठा आहे, वरच्या कडेला लोखंडी चिमटा ठोकलेला. तुम्ही मला पॅड म्हणता. सध्या मी पाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून पडून असतो आणि ओल लागून माझा एक कोपरा फुगला आहे. मित्रांनो, माझी ही दशा बघून हळहळू नका. माझ्यापेक्षा वाईट दशा मी ज्यांच्याकडे राहिलो त्यांची झाली, आणि तिला थोडाफार हातभार मीच लावला.

कारखान्यात जाड कागदाचे थर एकावर एक चिकटवून मला दाबलं, कडा कापल्या, वरून तपकिरी कागद चढवला. चिमटा बसवला तेव्हा फार दुखलं. पण त्या चिमट्यामुळेच मला किंमत आली, नाहीतर बुटांच्या खोक्याचं बूड झालो असतो.

मला विकत घेतलं ते दादाने. त्याच्या वडिलांची लॉन्ड्री होती आणि वडील गेल्यावर ती त्यानेच सांभाळली. पाठची बहीण ताई आणि सगळ्यात लहान धाकटा, या दोघांनाही त्यानेच वाढवलं. धाकट्याची परीक्षा होती म्हणून दादा मला घेऊन आला. त्याने स्वतः पेन्सिलीला टोक केलं, मला फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "जा, नीट लिही. घाई करू नकोस." धाकट्याने माझ्या पाठीवर एक शर्ट काढला, सगळी बटणं लावलेला. तो अजून आहे. पहिला पेपर सोपा गेला, तेव्हा त्याने घरी येऊन माझी पापी घेतली होती. माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते तेव्हा. पुढे मी कपाटावर गेलो आणि बरीच वर्षं धूळ खात पडलो.

मोठा झाल्यावर धाकटा दादाच्या हाताखाली काम करू लागला, पण दोघांचं जमेना. दादा गिऱ्हाइकासमोर त्याला वाटेल ते बोलायचा. एक दिवस धाकटा निघून गेला आणि थेट रस्त्याच्या पलीकडे त्याने स्वतःची लॉन्ड्री टाकली. दादाला ते फार लागलं. पुढे त्याची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली, ते त्याहून जास्त लागलं. ताई मात्र दादाकडेच राहिली. मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलापाशी ती दिवसभर उभी असायची. राहणं तिथेच, जेवणही तिथेच. दुकान बुडालं तर तिला जायला जागा नव्हती. हे तिला ठाऊक होतं. दादाला ठाऊक असावं, पण त्याने त्याचा कधी विचार केला नाही.

कुठूनसं दादाच्या डोक्यात आलं, की मोठमोठे धंदेवाले आधी प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करतात. लोकांना प्रश्न विचारतात, उत्तरं गोळा करतात आणि त्याची दुखरी नस शोधतात. त्याने मला कपाटावरून काढलं, झटकलं आणि ताईला समोर बसवलं. प्रश्न त्याने सांगायचे, तिने लिहायचे. पहिलाच प्रश्न ऐका. "समोरच्या लॉन्ड्रीत कपडे खराब होतात, त्याचा तुम्हाला किती त्रास झाला? थोडा, बराच, फार."

ताई म्हणाली, "दादा, ज्याला त्रास झालाच नसेल त्याने कुठे खूण करायची?"

"अशी माणसं आपल्या कामाची नाहीत," दादा म्हणाला.

सगळे प्रश्न याच जातीचे होते. शेवटी जरा जागा उरली, तिथे ताईने स्वतःच्या मनाने एक प्रश्न घातला. आमच्याकडे येणं तुम्ही का सोडलंत? मग साऱ्या कागदाच्या झेरॉक्स निघाल्या आणि गठ्ठा माझ्या चिमट्यात आला.

ताई मला घेऊन घरोघरी हिंडली. लोक तिला ओळखत होते. कोणी पाणी दिलं, कोणी दारातच उभं ठेवलं. दोन भावांच्या भांडणात पडायला कोणीच राजी नव्हतं, म्हणून बहुतेकांनी "थोडा" वर खूण करून सुटका करून घेतली. काहींनी बारीकसारीक तक्रारी सांगितल्या. पलीकडे धुताना बटणं फुटतात. पडदे कधी मिळतील ते धड सांगत नाहीत. दुपारी दुकान बंद असतं. ताईने सगळं माझ्यावर टेकवून लिहून घेतलं. पेन दाबून लिहायची तिला सवय, माझ्या अंगावर अजून वळ आहेत.

तिच्या स्वतःच्या प्रश्नाला उत्तर मिळालं एकाच दारात. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "खरं सांगू का? डाग तिकडेही निघत नाहीत आणि तुमच्याकडेही निघत नाहीत. पण धाकटा सांगतो, बाई, नाही निघाला हो. तुझा दादा म्हणतो, हा तुम्हीच आणलेला डाग आहे. एका कोटापायी मी किती वेळा चोर ठरू?"

ताईने शब्द न् शब्द लिहून घेतला. परतताना ती खुशीत होती. हातात काहीतरी सापडल्यासारखी भराभर चालत होती. मलाही वाटलं, चला, आता दुकान वाचणार.

दादाने तो कागद वाचला आणि त्याच्या कानशिलाच्या शिरा फुगल्या. "मी तुला त्याचं विचारायला पाठवलं होतं. माझं कोणी विचारायला सांगितलं?" त्याने लाल पेन घेतलं आणि उरलेल्या प्रत्येक कागदावरचा ताईचा प्रश्न खोडला. आधी एक रेघ, मग तिच्यावर दुसरी. प्रत्येक रेघ माझ्या अंगात उतरली. ताई इस्त्रीकडे वळली. मला वाटलं होतं, काही बोलेल.

मग दादाने खुणा मोजल्या आणि खूश झाला. "बघ, एकही माणूस असा नाही की ज्याला त्रास झाला नाही." अरे बाबा, "नाही" म्हणायला तू जागाच ठेवली नव्हतीस. पण पुठ्ठ्याला तोंड असतं तर आणखी काय हवं होतं.

पुढे जे त्याने केलं, ते दादाच करू जाणे. त्याने एक भला मोठा फलक रंगवून घेतला आणि दुकानाबाहेर लावला. समोर बटणं फुटतात. समोर पडदे वेळेवर मिळत नाहीत. समोर दुपारी दार बंद. धाकट्याने दुकानाच्या पायरीवर उभं राहून चहा पीत तो फलक निवांत वाचला. आठवडा झाला नाही तोच तिकडे बटणं चांदीच्या कागदात गुंडाळून धुवायला लागले, पडद्यांच्या पावतीवर तारीख आली आणि दुपारीही दार उघडं राहिलं. ताई उन्हात फिरली, झेरॉक्सचा खर्च दादाचा झाला, अभ्यास झाला धाकट्याचा. उरलीसुरली गिऱ्हाइकंही पलीकडे गेली. जाताना काही जण फलकाकडे बघून हसलेसुद्धा.

एकदा धाकटा स्वतः रस्ता ओलांडून आला. दादा बाहेर गेला होता. ताईच्या टेबलावर मी उपडा पडलो होतो. त्याने माझ्या पाठीवरचा शर्ट पाहिला आणि मला उचललं.

"ताई, हे माझं परीक्षेचं पॅड ना?"

"हो."

"माझ्याच पॅडवर माझी उणीदुणी काढलीस?"

ताईने त्याला खोडलेला प्रश्न दाखवला. "हा एक मी घातला होता. दादाने ठेवला नाही." धाकट्याने लाल रेघांखालची अक्षरं वाचली, बराच वेळ वाचली. मग मला खाली ठेवून तो निघून गेला.

पुढे दुकान बंद झालं. दादा दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या आपल्या मुलाकडे राहायला गेला. ताईला नेण्याचं त्याने नावही काढलं नाही. ताई मला पिशवीत घालून पलीकडे गेली आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहायला जागा मागितली. धाकट्याने तिला चहा दिला. म्हणाला, "दारोदार तू माझ्या तक्रारी गोळा करत फिरलीस. आता त्याच लोकांसमोर तुला कशी उभी करू?" ताईने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघाली. मला त्या दिवशी त्याचा राग आला आणि अजून गेलेला नाही. पेन्सिलीला टोक करून देणारा दादा मी पाहिला, माझी पापी घेणारा धाकटाही पाहिला. दोघांनी मिळून ताईला असं वाऱ्यावर सोडलं.

आता ती एका खोलीत राहते, आजूबाजूच्यांच्या कपड्यांना इस्त्री करून देते. मी बादलीवर असतो.

परवा एक बाई दारात आल्या. हातात नवंकोरं प्लास्टिकचं पॅड. धाकट्याच्या लॉन्ड्रीत नव्याने लागलेल्या. ताई कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी भराभर प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "आधी कुठल्या लॉन्ड्रीत जात होतात, आणि तिथलं का सोडलंत?"

ताई दाराला टेकली. "हा प्रश्न कोणी घातला?"

"मालकांनी. म्हणतात, बाकीचे राहिले तरी चालतील, हा राहता कामा नये. ह्याच्यावरच धंदा वाढला आमचा."

"माझा प्रश्न घेतला त्याने," ताई हळूच म्हणाली. "मला नाही घेतलं."

"काय म्हणालात?"

"काही नाही. लिहा. भावाच्या लॉन्ड्रीत होते. मी सोडली नाही, ती बंद पडली. नाव ताई लिहा. त्यांना कळेल."

बाईंनी लिहून घेतलं, आभार मानले आणि गेल्या. त्या दिवसापासून ताईने खोलीचं दार लावलेलं नाही. उघड्या दाराशी बसून इस्त्री करते आणि जिन्यात पाऊल वाजलं की हात थांबवते. अजून कोणी आलेलं नाही.

मित्रांनो, मला बादलीवरून उचलून पुसा, कपाटात ठेवा, असं मी सांगणार नाही. माझं झालं ते झालं. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात एखादं पॅड येईल, कोणाच्या दारात उभं राहून तुम्ही काही विचाराल. तेव्हा मिळालेल्या उत्तराचं पुढे काहीतरी करा. करणार नसाल तर विचारू नका. उत्तर देणारं माणूस मागे वाट बघत बसतं.