शोकेसमधली घरघर

गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून पाहुण्यांनाही गुरुवारीच बोलावलं होतं. डांगे चौकातून फरसाण घेऊन मंजुषा घरी आली आणि दारातच थबकली. टीव्हीशेजारची जागा रिकामी होती. तिचा गेमचा कन्सोल तिथं उभ्या स्टँडवर असायचा. स्टँडच्या बुडाशी गार हवेचे पंखे, बाजूला दोन कंट्रोलर चार्जिंगला. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट करून, अंग आंबून आली की ती थोडा वेळ त्याच्यापुढे बसायची. आज सकाळीच तिनं एक नवा गेम डाउनलोडला लावला होता.

“आई, कन्सोल कुठंय?”

“ठेवलाय. पाहुणे जिना चढतायत, साडी नेस आधी,” शालनबाई कुजबुजल्या.

“अगं, चालू आहे तो!”

“मग? चालू असताना पिन काढायची नाही, हे तूच बजावलंयस ना? नाही काढली. जा आत.”

पुढं बोलायला वेळच नव्हता. पाहुणे महाळुंग्याचे. पूर्वी शेती, आता त्याच जमिनीवर गोदामं. नवरामुलगा रणजीत खाली मान घालून बसला आणि बोलायचं काम त्याच्या आत्यानं, यशोदाबाईंनी घेतलं.

“पोरगी कामावरून आल्यावर काय करती?”

“भरतकाम,” शालनबाईंनी ठोकून दिलं. “सुईदोरा दिला की भूक-तहान विसरते बघा.”

चहाचा ट्रे धरलेल्या मंजुषाची कानशिलं तापली. सुईत दोरा ओवायचा तरी तिला कंटाळा यायचा. इतक्यात टीव्हीजवळच्या शोकेसच्या खालच्या कपाटातून घरघर सुरू झाली. बघता बघता ती वाढली, मिक्सरमध्ये डाळ घातल्यासारखी.

“ह्ये काय वाजतंय वो?”

“फ्रीज आहे. जुना झालाय,” शालनबाई म्हणाल्या. फ्रीज स्वयंपाकघरात होता. बसल्या जागेवरून तो सगळ्यांना दिसत होता.

करपट वास आला तशी मंजुषानं ट्रे खाली आदळला आणि कपाट उघडलं. गरम झळ तोंडावर आली. स्टँडसकट कन्सोल आत कोंबलेला, वरून जाडजूड शाल. तिनं शाल ओढून फेकली, वायर उपसली आणि तापलेला कन्सोल दोन्ही हातांनी उचलून टीव्हीशेजारी उभा केला.

“हा गेम आहे,” ती म्हणाली. “माझा आहे. मी खेळते. भरतकाम मला येत नाही.”

यशोदाबाईंचा हात चहाच्या कपावरच राहिला. “लग्नाच्या पोरीला शोभतंय व्हय ह्ये?”

रणजीत पहिल्यांदाच बोलला. “लग्नानंतर पण खेळणार?”

“तुम्ही काय खेळता?”

“क्रिकेट. सुट्टीच्या दिवशी.”

“लग्नानंतर सोडणार?”

त्यानं आत्याकडं पाहिलं. आत्या उठली. मागोमाग तोही उठला.

दार लागताच शालनबाई फुटल्या. “जरा दम निघाला नाही तुला?”

“घराला आग लागली असती, आई!”

“लागली असती तर विझवली असती. गेलेलं स्थळ कुठून आणू मी?”

“खोटं बोलून आणलेलं स्थळ नकोच मला! कसलं भरतकाम? त्या घरात जन्मभर सुई धरून बसले असते का मी?”

शालनबाई आत जाऊन भांडी आपटू लागल्या. त्या संध्याकाळी मायलेकी पाठ करून जेवल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांचं बोलणं ‘डबा घे’ आणि ‘उशीर होईल’ एवढ्यावरच राहिलं. कन्सोल गार झाल्यावर चालू झाला, पण मंजुषाला खेळावंसं वाटेना.

मग एका सकाळी, ती बूट घालत असताना, स्थळं सुचवणाऱ्या मावशींचा फोन आला. शालनबाईंनी तो उचलला आणि जवळजवळ भांडायच्याच सुरात बोलल्या, “मुलगी नोकरी करते आणि घरी येऊन गेम खेळते. हो, टीव्हीवरचा! त्यांना आधी विचारा. चालत असेल तरच जिना चढा म्हणावं.”

फोन आपटून त्या मंजुषाकडं वळल्या. “बघत काय बसलीस? बस चुकेल तुझी.”