आपापलं दुखणं

गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळे 'भोंगा' म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. उलट आतून थोडा अभिमानच होता. सगळ्यांना मोफत उपचार मिळावेत असं विधेयक सभागृहात येणार होतं आणि या भागाचे आमदार अजून तळ्यात-मळ्यात करत होते. त्यांना आपल्या बाजूला ओढायचा विडा भोंग्याने उचलला होता. कपड्याचं माप द्यायला आलेलं माणूस सभेला यायचं कबूल केल्याशिवाय दुकानातून सुटत नसे.

नियम तिचाच होता: ज्याचं दुखणं त्यानंच सांगायचं. ऐकीव गोष्टी आमदार या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात, असं तिचं म्हणणं. मशीन बंद करून ती दुकानातच लोकांची तालीम घेई. वेल्डरची तर तिने इतकी घेतली की त्याची बायको म्हणाली, "आता हे झोपेतसुद्धा आमदारसाहेबांशीच बोलतात."

सभेच्या दिवशी शाळेचा हॉल गच्च भरला. आमदार आले आणि घड्याळाकडे बघत बसले. वेल्डर उभा राहिला आणि त्याची दातखीळच बसली. सांगायचं होतं डोळ्यांचं, तो बोलत सुटला हॉलच्या पत्र्याबद्दल. त्याच्यानंतर उठलेल्या आजी नुसत्याच रडल्या. आमदारांनी चष्मा खिशात घातला. आता हे उठणार, हे भोंग्याने ओळखलं आणि ती स्वतःच उभी राहिली.

सांगायला तिच्याकडे स्वतःचं होतं. धाकट्या मुलीच्या जन्मापासून गर्भपिशवी खाली सरकून तिचं अंग बाहेर येत होतं. तेव्हा डॉक्टर परवडला नाही, आणि नंतर बोलायची सोय राहिली नाही. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते एकट्या धाकट्या जावेला, कारण कापडाचे गठ्ठे तीच उचलून देई. वाक्य भोंग्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर रोजची गिऱ्हाइकं दिसली, नवऱ्याचे मित्र दिसले, आणि जिभेने ऐनवेळी वाट बदलली.

"माझ्याच घरात बघा साहेब," ती म्हणाली. "माझी धाकटी जाऊ. बाळंतपणात तिला इजा झाली, ती कुणी नीट बरी केली नाही. तेव्हापासून तिची लघवी थांबत नाही. उरलेल्या कापडाच्या घड्या मी तिला शिवून देते, त्या लावून ती कामाला जाते. चार बायकांत बसत नाही. वास येईल म्हणून."

आवाज भोंग्याचाच तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. शेवटच्या रांगेत, दाराशेजारी, जाऊ बसली होती.

आमदारांनी खिशातला चष्मा पुन्हा बाहेर काढला आणि ते तो पुसत बसले. "माझं मत विधेयकाला," ते शेवटी म्हणाले. "आणि तुमच्या जाऊबाई स्वतः विधेयकाच्या समितीपुढे बोलल्या, तर आणखीही काही मतं फिरतील." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या माना मागे वळल्या, तेव्हा खुर्ची रिकामी होती. शेजारी बसलेली इस्त्रीवाली त्या खुर्चीची बैठक निरखून बघत होती. भोंग्याने ते पाहिलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळ्यांच्या भल्यासाठीच केलं, असं तिने मनाला बजावून पाहिलं. मन काही ऐकेना.

जावेला समितीपुढे जायला राजी करायला सभेतल्या मंडळींनी भोंग्यालाच पिटाळलं. "ती तुमच्या शब्दाबाहेर नाही," ते म्हणाले, आणि ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

जाऊ स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

"माझं चुकलं गं," भोंगा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की जावेला नळ बंद करावा लागला.

"जाईन मी समितीपुढे," जाऊ म्हणाली. "तिथे ओळखीचं कुणी नाही. लपवायचं होतं ते या गल्लीपासून. ते आता राहिलंच नाही."

"मी येते बरोबर. माझंही सांगते."

जाऊ तिच्याकडे बघत राहिली. तिथे कोण कोण बसलेलं असेल, कुणाच्या तोंडून बातमी घरी पोचेल, याचं गणित भोंग्याच्या डोक्यात आपोआप सुरू झालं होतं. ते चेहऱ्यावर उतरलं असणार, कारण जावेनेच नजर काढून घेतली.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तुमचं मी कुणाला सांगणार नाही. निर्धास्त राहा."

भोंग्याला हायसं वाटलं. आणि दिवसभरात झालेल्या सगळ्यापेक्षा, त्या हायसं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटली.