रोजची एक चूक

तळमजल्यावरची खोली मिळाली, तर गणिताच्या सरांच्या बावन्न हजार आठशे पायऱ्या वाचणार होत्या.

हा हिशेब सरांनी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, सूचनाफलक वाचण्याचं सोंग करत मांडला. तिथे ते रोजच थांबत. फलकावर गेल्या वर्षीच्या सहलीची सूचना होती आणि ती त्यांना तोंडपाठ झाली होती. आठवी ‘क’पर्यंत सहासष्ट पायऱ्या, दिवसातून चारदा चढायच्या, निवृत्तीला उरलेले कामाचे दिवस दोनशे. खरं तर उतरताना गुडघे जास्त बोंबलत, पण उतरायच्या पायऱ्या सरांनी धरल्याच नव्हत्या. मागणी करावी तर माफक, असा त्यांचा बाणा.

खालून भाषेचे सर दोन-दोन पायऱ्या एकदम घेत आले. वय अठ्ठावीस, आणि गुडघेही तेवढ्याच वयाचे.

“काय सर, सहलीला जायचा विचार दिसतोय!”

“बघतोय. तुम्ही व्हा पुढे.”

“खालची खोली मात्र माझी हं, आत्ताच सांगतो. पोरं तयार केलीयत. मी पेनाचं टोपण काढलं की चाळीस हात वर!”

“आणि उत्तर?”

“उत्तर कोण विचारतंय, सर? तपासणीच्या कागदावर ‘सहभाग’ लिहिलंय. उत्तराला रकानाच नाही.”

झालं होतं असं, की ग्रंथालय नव्या इमारतीत गेलं आणि तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. तिच्यावर साऱ्या शिक्षकांचा डोळा. मुख्याध्यापिका बाई मुरलेल्या. त्यांनी जाहीर करून टाकलं, की पुढच्या महिनाअखेरीस तपासणीच्या बाई येतील, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ या रकान्यात ज्याला सगळ्यांत चांगला शेरा मिळेल त्याचा वर्ग खाली. एका खोलीच्या आमिषावर बाईंनी सगळी शाळा कामाला लावली.

आता आठवी ‘क’चा सहभाग म्हणाल तर त्याबद्दल न बोललेलंच बरं. सरांचा तास मधल्या सुट्टीनंतरचा. वर्गाने जेवून यायचं आणि सरांनी अंगाई म्हणायची, असा वर्षानुवर्षांचा अलिखित करार. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, तिला अख्खी शाळा ‘जांभई’ म्हणे. तिने तोंड उघडलं की ती जांभई बाकाबाकाने पुढे सरकत फळ्यापर्यंत पोचे. दोनदा तर सरांनीही भागाकाराच्या मधोमध आ वासला होता.

सरांनी उपाय काही कमी केले नाहीत. प्रशिक्षणात सांगितलं म्हणून टाळ्या वाजवून घेतल्या. झोपलेले दचकले आणि पुन्हा झोपले. बरोबर उत्तराला वहीत चांदणी चिकटवून पाहिली. आठवड्याभरात चांदण्यांची अदलाबदल रंगात आली, गणित होतं तिथेच. “मुलांशी मैत्री करा,” असंही प्रशिक्षणात सांगितलं होतं. सरांनी ती करायला घेतली, तर पहिल्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला, “सर, मित्र म्हणून सांगतो, आज तास नको.”

मग एका मंगळवारी लिहिता लिहिता सरांच्या गुडघ्यात चमक आली आणि फळ्यावर ‘सात आठे चोपन्न’ पडलं.

“छप्पन्न,” मागून जांभईतूनच आवाज आला.

“काय?”

“सर, सात आठे छप्पन्न ना? तुम्ही चोपन्न लिहिलंय.”

तिची जांभई अर्ध्यावर थांबली. चाळीस डोकी वर आली. सर चुकले! खुद्द सर! चष्मेवाल्याने चष्मा पुसून घातला, कुणी खिडकीकडची मान वळवली, आणि तास संपेपर्यंत सरांची एकेक ओळ पोरांनी अशी तपासली, की काही विचारू नका. आपलं शहाणपण ऐकायला कुणी जागं राहत नाही, पण दुसऱ्याची चूक पाहायला माणूस झोपेतून उठून बसतो, हे सरांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच प्रशिक्षणाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सर रोज एक चूक करू लागले. मुद्दाम.

“संध्याकाळपासून कागदावर काय खरडताय?” घरी बायकोने विचारलं.

“उद्याची चूक शोधतोय.”

“अगं बाई! संसारात इतकी वर्षं तयारी न करता जमत होतं की!”

पण चूक करणं सोपं नसतं. फार ढोबळ केली तर पोरांना संशय येणार, फार बारीक केली तर कुणालाच सापडणार नाही. एकदा एक उणे चिन्ह सरांनी इतकं बेमालूम गिळलं, की ते चाळीस वह्यांत तसंच उतरलं. दुसऱ्या दिवशी सरांना स्वतःचीच चूक स्वतःच सापडल्याचा अभिनय करावा लागला, आणि वर्गाने तो फाऊल ठरवला. “सर, तुम्ही खेळात नाही!”

पंधरा दिवसांत वर्ग ओळखू येईना. सरांना आज कुठे पकडता येईल, म्हणून पोरं पुढचा धडा आदल्या दिवशीच वाचून येऊ लागली. जांभईची जांभई कुठे गेली कुणास ठाऊक, नाव तेवढं राहिलं. सगळ्यांत जास्त चुका तिने पकडल्या, आणि पकडताना ती बाकावरून अशी उठे, की जणू चोर सापडला.

एकदा मात्र सर वळणावर फलक वाचत असताना वरच्या जिन्यात बोलणं ऐकू आलं.

“हल्ली रोजच चुकतात रे,” चष्मेवाला म्हणत होता.

“वय झालंय त्यांचं,” जांभई म्हणाली. “माझे आजोबा पण असेच करायचे. चष्मा डोळ्यावर आणि शोधायचे कपाटात. हसू नकोस, माकडा.”

सर गालातल्या गालात हसले. नाटक चांगलं वठलं होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासणीच्या बाई मांडीवर कागद घेऊन मागे बसल्या. सरांनी त्या दिवसासाठी चूक निवडली होती ती झोपेतही पकडता येईल अशी. ‘ए अधिक बी’ या कंसाचा वर्ग त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिला, बरोबरचं चिन्ह काढलं, आणि पुढे नुसतं ‘ए वर्ग अधिक बी वर्ग’ लिहून मधलं ‘दोन एबी’ गाळलं. मग हात झटकून ते वर्गाकडे वळले.

वर्ग चिडीचूप.

“बघा हं,” सर म्हणाले. “नीट बघा.”

पोरं नीट बघत होती. जांभईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. चष्मेवाल्याचा हात सवयीने वर निघाला, तो शेजारच्याने सदरा ओढून खाली आणला.

“काही राहिलंय का?” सरांनी गाळलेल्या जागी खडू टकटक वाजवला.

“नाही सर!” चाळीस जण एका सुरात.

“अगदी नक्की?”

“एकदम बरोबर आहे, सर!”

शेवटी वर्गात एक हात वर गेला. तो तपासणीच्या बाईंचा होता.

“सर, दोन एबी?”

“बाई, ते सर पुढच्या ओळीत लिहिणार होते,” जांभई ताडकन उठून म्हणाली.

“हो बाई!” सगळा वर्ग.

तास संपल्यावर बाई सरांना बाहेर घेऊन गेल्या. “सर, आठवीचं सूत्र तुम्ही चुकता आणि वर्गात एकाच्याही लक्षात येत नाही? मी काय लिहायचं?”

खुलासा सरांच्या ओठांवर होता. बाई, चूक मुद्दामची होती, त्या मुलीला बोलवा, ती झोपेतही सूत्र म्हणून दाखवील. एवढं बोलले असते की खोली त्यांची. पण दार अर्धं उघडं होतं आणि फटीत एकावर एक डोकी रचलेली. महिनाभर छाती फुगवून पकडलेल्या चुका सरांनी घरी बसून बनवल्या होत्या, हे त्या डोक्यांनी ऐकलं असतं.

“वय झालं, बाई,” सर म्हणाले.

बाईंनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, तेव्हा जांभई वाटच पाहत होती.

“सर, वाचवलं की नाही काल तुम्हाला? मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, पाहुण्यांसमोर घरच्या माणसाची चूक काढायची नाही.”

“वाचवलंत,” सर म्हणाले.

“पण आज पाहुणे नाहीत हं, सर. आज सोडणार नाही.” चाळीस वह्या उघडल्या.

खोली भाषेच्या सरांना मिळाली. त्यांच्या वर्गात हात एकशे बारा वेळा वर गेले होते, उत्तर एकही आलं नव्हतं, आणि शेरा ‘उत्तम’ होता. गणिताच्या सरांच्या नावापुढे ‘विषयज्ञान तपासावे’ असं लिहून आलं, म्हणून त्यांना पाच शनिवार उजळणी वर्गाला बसावं लागलं. आठवी ‘क’ला फायदाच झाला. गणित आलं ते आलंच, शिवाय एका म्हाताऱ्या माणसाची लाज राखल्याचं समाधान मिळालं. किंमत सगळी सरांच्या गुडघ्यांनी भरली, उतरायच्या पायऱ्या धरून. आणि वर्गात शिरताना त्यांनी कधी धाप दिसू दिली नाही.