उत्तररंगापर्यंत शिजलेली राख

कारखान्याच्या धुरांड्यातून जाणारा गंधकाचा वायू बॉयलरच्याच राखेने अडवायचा, असा तिथेच इंजिनियर असलेल्या भाचीने ध्यास घेतला होता. राख आणि चुना गरम पाण्यात शिजवायचा, वाळवून भुकटी करायची, ती नळीत भरून तिच्यातून धूर सोडायचा. तीनदा करून झालं, पण उरलेला वायू मोजणाऱ्या मीटरचा आकडा तीनशेखाली उतरायला तयार नव्हता. शेवटी साहेबांनी बजावलं, "आता एकच संधी. शंभराखाली आला तर ठीक, नाहीतर राखेचा नाद सोडा."

शिजवायचं काम तिच्या मामाकडे. बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस, आणि कीर्तनवेडा. हातातलं घड्याळ वाफेत खराब होतं म्हणून तो ते डब्यात ठेवायचा आणि वेळ कीर्तनावर मोजायचा. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, गाऊन झाला की दोन तास झाले, विस्तव बंद.

त्या दिवशी भाची सकाळपासून बैठकीत अडकली. दुपारी एकला येऊन पाहते तर भांडं चुलीवरच, मामा ढवळतोय आणि डोळे मिटून गातोय.

"मामा, किती वाजता चढवलंस हे?"

"सातला. अगं, पूर्वरंग इतका रंगला, की उत्तररंग कधी सुरू झाला ते कळलंच नाही. आता देव भक्ताच्या दारात आलाय. त्याला परत कसं पाठवू?"

"सहा तास? दोनच सांगितले होते ना मी? वाट लावलीस सगळ्याची."

मामाचा चेहरा उतरला. दुसरं भांडं चढवायला राख चाळलेली नव्हती, आणि साहेब उद्या सकाळीच बघायला येणार होते. भाचीने तीच लापशी भट्टीत वाळवली.

सकाळी साहेबांसमोर धूर सोडला. आकडा तीनशेवर आला, थांबला नाही. दोनशे. शंभर. बेचाळीसवर स्थिरावला. साहेबांनी मीटरला टिचकी मारली. तो बेचाळीसच.

"हे कसं जमवलंत?"

"जास्त वेळ शिजवली, साहेब," भाची म्हणाली, आणि तिने मामाला पुढे ओढलं. "यांनी."

साहेब म्हणाले, "तीन वेळा असंच करून दाखवा. मग मोठी टाकी बसवू."

बाहेर आल्यावर भाचीने डब्यातलं घड्याळ काढून स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि स्टूल ओढून भांड्याशी बसली. "सुरू कर. कालचंच आख्यान, शेवटपर्यंत. आणि मामा, कालच्याइतकंच रंगव हं. कमीजास्त नको."

मामाने चुना ओतला, पळी हातात घेतली. "ते माझ्या हातात असतं, तर काल दोन तासांत उठलो नसतो का गं?"