साखर नाचणार न्हाय

कागलच्या हुसेन घोडेवाल्याच्या घरात तीन पिढ्या घोडी होती, पण घोडीवर बसलेलं माणूस त्या घरात एकही नव्हतं. बसायचं ते नवरदेवानं. घोडेवाल्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून वाकायचं, नवरदेवानं तिच्यात पाय ठेवून वर चढायचं, आणि मग घोडेवाल्यानं लगाम धरून वरातीपुढं मुंगीच्या पावलानं चालायचं. स्वतःच्या निकाहाला हुसेन रिक्षातून गेला होता, कारण त्या दिवशी घोडी दुसऱ्याच्या वरातीला ठरलेली. आपल्याला यात काही चमत्कारिक वाटेल, त्याला कधी वाटलं नाही.

त्याच्या लेकीला, मेहकला, मात्र वाटलं आणि तिनं ते पोटात ठेवलं नाही. पोटात ठेवणारी ती पोरगीच नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत कुण्या टग्यानं साखरच्या पायांत फटाक्यांची माळ सोडली. साखर म्हणजे त्यांची घुंगरू बांधून वरातीत नाचणारी पांढरी घोडी. ती भर रस्त्यात थरथरत मुतली आणि वऱ्हाडी पोट धरून हसले. हुसेनही कसनुसा हसला, कारण गिऱ्हाईक हसत असेल तर घोडेवाल्यानं हसायचं असतं. घरी आल्यावर मेहक म्हणाली, "अब्बा, साखर आता नाचणार न्हाय."

"मग काय करंल? लावतीस व्हय तुझ्यासंगं एमआयडीसीत नोकरीला?"

मेहक पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर होती. बापाचा टोमणा तिनं शब्दशः खरा केला. दर रविवारी, कारखाने बंद असताना, ती साखरला एमआयडीसीच्या रुंद रस्त्यांवर न्यायची आणि वर बसून पळवायची. गावात व्हायची ती चर्चा झाली. "काय गं, नवरदेव व्हायचंय काय?" असं एका बाईनं चौकात विचारलं. "व्हय, व्हायचंय. येताय काय वरातीला?" मेहकनं तिथल्या तिथं परतफेड केली.

मग तिला कळलं, की दिवाळी झाल्यावर कागलजवळ घोड्यावरून चाळीस किलोमीटर जायची स्पर्धा आहे. पहिलं कोण येतं याला तिथं फारसं महत्त्व नव्हतं. पुरी करायला महत्त्व. शेवटी जनावरांचे डॉक्टर घोड्याचे ठोके मोजणार, त्याला दुडक्या चालीनं पळवून बघणार. घोडं लंगडलं, की चाळीसच्या चाळीस किलोमीटर पाण्यात.

बापलेकीत यावरच पैज ठरली. पुरी केली तर साखरचे घुंगरू कायमचे माळ्यावर, आणि घर मेहकच्या पगारावर. नाही केली, तर तुळशीची लग्नं लागली की पहिल्या वरातीला साखर उभी. हुसेनला खात्री होती की चार दिवसांनी पोरीचं खूळ उतरेल. त्याला आपली लेक अजून पुरती कळली नव्हती, एवढंच.

नाव घालायला ती शाहूपुरीत गेली. पृथ्वीराज नावाच्या आयोजकानं विचारलं, "घोडी कुठल्या जातीची?"

"लगीनघरची."

तो खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. "अहो ताई, ती पहिल्या मांडवापाशीच थांबंल की!"

"थांबली तर तुमास्नी जेवायला बोलावते," मेहक म्हणाली आणि तिनं नाव घातलंच.

स्पर्धेच्या दिवशी बाकीचे स्वार चकचकीत बूट घालून आलेले. मेहक सलवार-कमीजवर मोटारसायकलचं हेल्मेट घालून उभी. निघताक्षणी सगळी घोडी उधळली. मेहकनं साखरला दुडकीवरच ठेवलं. लोकांनी पाठीमागून काय काय म्हटलं, ते तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं उसाच्या फडांतून ट्रॅक्टर कर्ण्यावर गाणी लावून येत होते, तेव्हा त्या उंच, देखण्या घोड्यांनी स्वारांना बांधावर नेऊन टाकलं. साखर कानसुद्धा न हलवता ट्रॅक्टरला चाटून गेली. जन्मभर जिनं डीजेच्या भिंतीपुढं उभं राहून काढलं, तिला ट्रॅक्टर काय सांगणार? ती पाघळायची फक्त हलगीला, आणि तीही आकारामच्या. आकाराम आणि हुसेन वर्षानुवर्षं एकाच वरातीत जायचे.

शेवटच्या टप्प्यात मेहकच्या गुडघ्यांची सालं निघाली होती. चढावर ती उतरली, साखरच्या बाजूनं चालली, पुन्हा चढली. "घुंगरू न्हाईत गं आता," ती तिला सांगत राहिली. दुपारच्या उन्हात पांढरी घोडी मैदानात शिरली तेव्हा मेहकला रडू आलं. डोळे तिनं पुसलेही नाहीत.

ठोके नीट भरले. डॉक्टर तेजस्वी म्हणाल्या, "आता लगाम धरून पळवा. सरळ."

मेहक फरफटत पळाली. आणि तेवढ्यात मंडपाकडून हलगी कडाडली.

पाहुणे म्हणून आलेल्या हंबीररावांच्या स्वागताला आकारामचीच हलगी आणली होती. ओळखीची घोडी दिसली, म्हणून त्यानं मायेनं नेमका तिचा ठेका धरला. साखरनं मान खाली-वर टाकली, पुढचा पाय उचलून आपटला, आडवी सरकली.

"पुढच्या पायात लंगडतेय," डॉक्टर म्हणाल्या.

"लंगडत न्हाय हो, नाचतिया!"

सगळं मैदान हसलं. डॉक्टर हसल्या नाहीत. "मला दिसतं ते मी लिहिणार. आणखी एकदा पळवता येईल. एकदाच."

"मग हलगी थांबवा."

"साहेबांचं स्वागत चाललंय," पृथ्वीराज कुजबुजला. साहेब तर खुशीत आले होते. "नाचू दे की! झकास नाचतिया. वाजवा रं!"

मेहकनं लगाम कडेला उभ्या असलेल्या बापाच्या हातात दिला, लंगडत मंडपापाशी गेली आणि हलगीवर सरळ तळहात ठेवला. ठेका तुटला.

"अगं, तिच्या मानाचं वाजवलं की मी," आकाराम गोंधळला.

"ठावं हाय, काका. पण आज तिला नाचायचं न्हाय."

हंबीरराव उठून उभे राहिले. "ए पोरी, हलगी माझ्यासाठी आणलिया!"

"हलगी तुमची, सायेब. घोडी माझी."

 मग आकारामनं काड्या कमरेला खोचल्या आणि हलगी मांडीवर पालथी घालून खाली बसला.

मेहक परत वळली आणि तिच्या पोटरीत गोळा आला. उभंही राहवेना.

"मी पळवतो," हुसेन म्हणाला.

 लगामाला दोन बारीक झटके दिले, की हलगी नसली तरी साखर पाय उचलायची. ही खूण हुसेननंच तिला शिकवली होती. दोन झटके, आणि त्याचा सगळा धंदा परत त्याच्या दारात. कुणाला कळलंही नसतं. मेहकनं बापाकडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या.

आणि हुसेन घोडेवाला पळाला. जन्मभर घोडीपुढं मुंगीच्या पावलानं चाललेला माणूस पांढरी दाढी उडवत, धापा टाकत पळाला. लगाम त्यानं इतका सैल सोडला होता, की मधोमध त्याला झोळ आला. मैदानात नालांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. टप, टप, टप, टप. एकसारखा.

"पास," डॉक्टर म्हणाल्या.

मेहकच्या तोंडून किंकाळीच फुटली.

हंबीरराव मुरलेला गडी. वारं फिरलेलं त्यांना लगेच कळलं. फेटा सावरत, फोटोवाल्याला हाताशी घेऊन ते साखरपाशी आले. "झकास! चला, पेपरात द्यायला एक फोटू होऊ दे घोडीवरचा." आणि सवयीनं त्यांनी एक पाय वर उचलला.

सवयीनंच हुसेन वाकला. दोन्ही हातांची ओंजळ झाली. मेहक ओरडणार, तोच त्यानं ती ओंजळ शेजारच्या बादलीत बुडवली, भरून वर काढली आणि साखरच्या तोंडापुढं धरली.

"हिच्यावर आता कुणी बसायचं न्हाय, पावणं," तो म्हणाला. "माझी लेक सोडून."

साखर पाणी पीत राहिली. हंबीररावांचा पाय बराच वेळ तसाच वर होता.